दावीद उठला. आणि बथशेबा?

आजचं वाचन : २ शमुवेल १२:१५-२५



आपल्या वर्षभराच्या वाचनात हा अध्याय मागच्या वर्षीही आला होता. तेव्हा मी नाथानापर्यंत लिहिलं, त्या गरीब माणसाच्या कोकरावर लिहिलं, आणि पंधराव्या वचनापाशी गुपचूप थांबलो. दुसऱ्या दिवशी सरळ तेराव्या अध्यायावर गेलो. तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं, "दादा, मधला भाग राहिला का?" मी उत्तर दिलं नाही. तो भाग राहिला नव्हता, मी टाळला होता. आज तो लिहितो. पवित्र शास्त्र शेजारी उघडं ठेवा, कारण मी वचनं इथे उतरवून देणार नाही, फक्त बोट ठेवणार आहे.

आमचं पहिलं बाळ नऊ दिवस जगलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझी बायको सातव्या महिन्यात सांगलीला गेली. सांगली-मिरजेच्या लोकांना दवाखान्यांची धास्ती वाटत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून हा भागच डॉक्टरांचा आहे, आणि सासूबाईंच्या बोलण्यात ते नेहमी असतं : "आमच्याकडे काय कमी आहे?" खरंच काही कमी नव्हतं. सिझेरियन झालं, बाळ रडलं, मी पेढे वाटले. दुसऱ्या रात्री त्याने दूध ओढणं सोडलं. पाय गार पडले, रंग राखेसारखा झाला. पहाटे टूडी एको झाली आणि एका तरुण डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने हृदय काढून मला समजावलं.

ते थोडं सांगतो, कारण हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हृदयाची डावी बाजू शरीराला रक्त पुरवते. आमच्या बाळाची डावी बाजू वाढलीच नव्हती. पोटात असताना हे जाणवत नाही, कारण तिथे डक्टस नावाची एक छोटी रक्तवाहिनी उघडी असते आणि रक्त तिच्यातून वळसा घालून शरीराला मिळतं. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. निरोगी बाळात ती मिटायलाच हवी. आमच्या बाळाचं आयुष्य तिच्यावरच चाललं होतं. ती उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं औषध थेंबाथेंबाने चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे कधी दिसतं, कधी दिसत नाही. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांत आठ-दहा बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. बहुतेक दोष बरे होण्यासारखे असतात. आमचा त्यांतला नव्हता.

शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायचं ठरलं. बायकोच्या पोटावर ताजे टाके, ती सांगलीतच राहिली. मी अँब्युलन्समध्ये बसलो. पेठ नाका, कराड, तासवडे टोल. त्या औषधाने श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून सोबतचे डॉक्टर सगळा वेळ बाळाच्या छातीकडे बघत होते आणि मी डॉक्टरांकडे. सातारा आमचं गाव. आई-पप्पा हायवेवर, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या पुलाजवळ येऊन उभे राहिले होते. आईने तोवर नातवाला पाहिलं नव्हतं. मी फोनवर म्हटलं, एक मिनिट थांबायला सांगतो. आई म्हणाली, "थांबवू नको रे. जाऊ दे त्याला." गाडी वेगात पुढे गेली. काचेतून मला फक्त तिचा वर केलेला हात दिसला. तिने नातवाला पाहिलं ते नंतर, पेटी बंद करण्याआधी.

आता वचनांकडे येऊ.

वचन १६ आणि १७ बघा. राजा उपास करतो, रात्रभर जमिनीवर पडून राहतो, वडीलधारे उठवायला आले तरी उठत नाही. मी पुण्याच्या एनआयसीयूबाहेर तेच करत होतो. आमच्या तरुण संघाने साखळी प्रार्थना लावली होती, ताशी एक जण. आपल्यापैकी कितीतरी जण त्यात होते आणि ते मी विसरलेलो नाही. पाचव्या दिवशी बायको टाके सांभाळत पुण्याला पोचली. आमच्या पाळकांनी काचेच्या पेटीच्या बाजूला उभं राहून, कापसाने तीन थेंब लावून, बाळाचा बाप्तिस्मा केला. नाव ठेवलं होतं. ते इथे लिहीत नाही, ते आमच्याकडे राहू दे. किडनी आधीच दमल्या होत्या, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत बाळ पोचलंच नाही. नवव्या दिवशी, सकाळी.

दावीदाचं मूल सातव्या दिवशी गेलं. सेवक त्याला सांगायला घाबरले, आपसांत कुजबुजले, आणि त्या कुजबुजीवरूनच त्याला कळलं. वचन १९. एनआयसीयूच्या दारात कधी उभं राहिला असाल तर हे वचन तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. सिस्टर नेहमीप्रमाणे माझ्या डोळ्यांत बघेना, तेव्हाच मला कळलं होतं.

साताऱ्यात ख्रिस्ती कबरस्थानात दफन केलं. सुतार फोनवर विचारत होता, "साईज सांगा ना, दादा." मी इंजिनिअर आहे, आयुष्यभर मापं सांगत आलो. त्या दिवशी फोन पप्पांकडे दिला.

आणि मग मी उठलो. इथे माझी कबुली सुरू होते.

वचन २० मध्ये दावीद जमिनीवरून उठतो, आंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन उपासना करतो आणि मग घरी येऊन जेवतो. सेवक चक्रावतात : जिवंत होतं तोवर उपास, आणि गेल्यावर जेवण? तो सांगतो की मूल जिवंत होतं तोवर देव दया करील अशी आशा होती. आता ते परत येणार नाही, मीच कधीतरी त्याच्याकडे जाईन. लहानपणापासून मी हा भाग विश्वासाचा नमुना म्हणून ऐकला होता. मी तो तसाच अंगात घातला. बायको आईकडे सांगलीला गेली, मी बाराव्या दिवशी लॅपटॉप उघडला. ऑफिसात तीन दिवसांची रजा मिळत होती, उरलेली मी माझ्या खात्यातून टाकली. सकाळचा कॉल घेतला, तिकिटं बंद केली, रात्री प्रॉडक्शनला कोड टाकला. रविवारी उपासनेत गिटारही वाजवलं. लोक म्हणाले, काय विश्वास आहे याचा! मला ते आवडलं, हे लपवत नाही.

बायकोचा फोन आला की ती रडायची आणि मी तिला हाच अध्याय सांगायचो. दावीद उठला बघ. आपणही उठायला हवं. बाळ प्रभूजवळ आहे.

दोन महिन्यांनी मी सांगलीला गेलो. संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या काठी बसलो होतो. मी पुन्हा दावीद काढला. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि बथशेबा?"

मी म्हटलं, "काय बथशेबा?"

"ती केव्हा उठली? तिला कोणी वाढलं? तू नेहमी तेविसाव्या वचनावर थांबतोस. त्याच्या पुढचं वाच."

मी तिथेच मोबाइलवर चोविसावं वचन उघडलं. ते मी शंभरदा वाचलं असेन, पण शलमोनाच्या जन्माचं वचन म्हणून. त्याच्या सुरुवातीला, शलमोनाच्या आधी, एक छोटं वाक्य आहे : दावीदाने बथशेबेचं सांत्वन केलं. आणि तिथे तिला त्याची बायको म्हटलं आहे, तिच्या नावासकट. आता मागे पंधराव्या वचनात जा. तिथे बाळ आजारी पडतं तेव्हा तिचं नाव नाही. तिथे ती अजून उरीयाची बायको आहे. मधल्या आठ वचनांत ती कुठेच दिसत नाही. राजाचा उपास दिसतो, सेवकांची भीती दिसते, जेवणाचं ताट दिसतं. जिच्या पोटातून ते मूल आलं ती दिसत नाही. तो तिच्याकडे गेल्यावरच ती पुन्हा दिसते, तीही नावाने.

माझं उठणं कुणाकडे जाणारं नव्हतं. मी उठलो तो लॅपटॉपकडे.

त्या संध्याकाळी बायकोने मला त्या दोन महिन्यांचं सांगितलं. मी फोनवर रोज बोलत होतो, पण यातलं काहीच विचारलं नव्हतं. दफनाच्या दिवशी तिला दूध आलं होतं. ब्लाऊज भिजला, तिने वरून शाल घेतली, ऐन उन्हाळ्यात. दूध थांबवायची गोळी दिली होती, तरी दोन-तीन दिवस छाती दगडासारखी. शेजारचं बाळ रडलं की दूध वाहायचं. आणि डब्यात डिंकाचे लाडू होते, अळिवाचे होते, बाळंतिणीसाठी आधीच करून ठेवलेले. तिला वाटलं, आता हे फेकून देतील. सासूबाईंनी फेकले नाहीत. रोज सकाळी एक तिच्या हातात ठेवला. रोज अंगाला तेल लावलं, पाठ चोळली, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, धुतलेला गाऊन दिला, डोक्याला कापड बांधलं. कोणीतरी म्हणालं, बाळच नाही तर हे कशाला? सासूबाई म्हणाल्या, "बाळ नाही. बाळंतीण आहे ना?"

आंघोळ, तेल, कपडे, जेवण. वचन २० पुन्हा वाचा. दावीदाने जे स्वतःसाठी केलं ते सगळं, त्याच क्रमाने नसेल, पण सासूबाईंनी आपल्या लेकीसाठी केलं. फक्त मंदिरात जाणं राहिलं. माझी बायको चार महिने चर्चला आली नाही. सासूबाईंनी तिला एकदाही "चल" म्हटलं नाही. त्या एकट्या जायच्या आणि आल्यावर फक्त सांगायच्या, आज तुझ्यासाठी बसले होते.

आता पंधरावं वचन. ते टाळून चालणार नाही. तिथे लिहिलंय की परमेश्वराने त्या बाळाला आजारी पाडलं, आणि त्याआधी नाथान सांगतो की हे दावीदाच्या पापामुळे. बाळ गेल्यानंतर एका प्रार्थनासभेतल्या भावाने मला बाजूला घेऊन हेच वचन दाखवलं होतं : "घरात काही कबूल करायचं राहिलंय का, तपासा." मी खरंच तपासलं. आमच्या धंद्यात काही कोसळलं की रूट कॉज शोधतात, लॉग मागे मागे वाचत जातात. मी लग्नाआधीपर्यंतचे लॉग वाचले. बायकोचेही, तिला न सांगता. मला आज त्याची सर्वांत जास्त लाज वाटते.

योहान ९ मध्ये शिष्य हाच प्रश्न जन्मांध माणसाबद्दल विचारतात : पाप याचं की आईबापांचं? प्रभू येशू दोन्ही नाकारतो. यहेज्केल १८:२० सांगतं की बापाच्या अपराधाचा भार मुलावर जात नाही. मग २ शमुवेल १२ चं काय? मला ते अजूनही अवघड जातं आणि मी ते सोपं करून देणार नाही. एवढं मात्र दिसतं की दावीदाला ते सांगायला देवाने नाथानाला पाठवलं होतं. त्या भावाला कोणी पाठवलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या पाळण्यापुढे उभं राहून नाथान व्हायची मुभा आपल्याला कुठेच दिलेली नाही.

दुसरी गोष्ट. दावीदाचं ते उठणं म्हणजे नियम असता तर तो त्याने स्वतः पाळला असता. २ शमुवेल १८ च्या शेवटी अबशालोम मेल्याची बातमी येते आणि हाच दावीद वेशीवरच्या खोलीत जाऊन असा रडतो की जिंकलेलं सैन्य चोरासारखं नगरात शिरतं. शेवटी यवाबाला त्याला खडसवावं लागतं. एकाच बापाचे दोन मुलगे आणि दोन वेगळे शोक. योहान ११ मध्ये मार्था आणि मरीया येशूला एकच वाक्य ऐकवतात, की तू इथे असतास तर. एकीशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, दुसरीबरोबर रडतो. मी घरात फक्त मार्थेचं उत्तर घेऊन फिरत होतो. समोर मरीया बसली होती.

आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ आपण दर अंत्यविधीला वाचतो. त्यात शोक करू नका असं म्हटलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं आहे. "मी त्याच्याकडे जाईन" हे दावीदाचे शब्द त्याच्या काळात कदाचित फक्त कबरेबद्दल असतील. ख्रिस्त उठला म्हणून आपण ते त्यापलीकडचं वाचतो. मी वाचतो. माझी बायको काही दिवस वाचू शकते, काही दिवस नाही.

त्या चार महिन्यांत तिने दोनच पुस्तकं हातात घेतली, त्यातलं एक लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड टिळक आमच्या साताऱ्याला शेवटी शेवटी राहत होते, १९१७ साली 'देवाचा दरबार' त्यांनी तिथेच सुरू केला, म्हणून आमच्या घरी त्यांचं नाव नेहमी असतं. पण ते नाव टिळकांचं. बायकोला हव्या होत्या लक्ष्मीबाई. दत्तूच्या आधी त्यांची पोटची लेकरं गेली होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा, म्हणजे तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. आपल्यासारखं सांत्वनाचं वचन कोणी त्यांच्या हातात दिलं नव्हतं. आणि टिळक तर मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जाणारे. बायको म्हणाली, "एवढा मोठा देवमाणूस, पण बाईला एकटीलाच बसावं लागलं की." मी काही बोललो नाही. त्या वाक्यात मीही होतो.

थोडं व्यवहाराचं, कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता लग्न झालेले किंवा नवीन आईबाप आहात. अशा घरी गेलात तर बाळाचं नाव विचारा. आम्हाला ते फार थोड्यांनी विचारलं, आणि ज्यांनी विचारलं ते सगळे आठवतात. "देव दुसरं देईल" म्हणू नका. डबा द्या, आणि तो आईच्या समोर उघडा. नोकरीतल्या रजेबद्दलही माहीत असू द्या : केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा आहे, २०२२ पासून. अशी विशेष रजा आमच्या खासगी कंपन्यांत ज्याच्या त्याच्या धोरणावर. बापाला तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही, तरी मागा. आणि आई आठवडेन् आठवडे झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. आम्ही समुपदेशकाकडे सहा महिने गेलो. त्यातले पहिले दोन महिने मी गाडीतच बसून होतो.

शेवटी चोविसाव्या वचनाचा उरलेला भाग आणि पंचविसावं वचन. शलमोन होतो, नाथानाकरवी त्याला यदीद्या हे नाव मिळतं, आणि सगळे प्रचारक सुटकेचा श्वास सोडतात. पण १ इतिहास ३:५ काढा. तिथे बथशेबेच्या मुलांची यादी आहे : चार नावं. सात दिवसांचं ते बाळ त्यात नाही. त्याचं नाव शास्त्रात कुठेच नाही.

आम्हाला आता मुलगी आहे, दोन वर्षांची. पहिल्यांदा लसीकरणाला गेलो तेव्हा फॉर्म भरणाऱ्या ताईंनी वर न बघता विचारलं, "पहिलीच ना?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. बायको म्हणाली, "नाही, दुसरी." ताईंनी वर बघितलं, काही विचारलं नाही, आणि तसं लिहिलं.

प्रार्थना : प्रभू, आज रात्री ज्या आईच्या छातीत दूध आहे आणि कुशीत कोणी नाही, तिच्याजवळ बस. तिच्या घरातल्या पुरुषाला तिच्याकडे पाठव. आमेन.

उद्याचं वाचन : २ शमुवेल १३. यावेळी मधलं काही गाळणार नाही.